माझा अनुभव : बिझनेस क्लासचं जगप्रदक्षिणेचं तिकीट आणि कोलंबोहून सुरुवात

ह्यांची पाठ चार वर्षांपासून दुखतेय, सायटिका आहे, दोन तासांच्या वर खुर्चीत बसवत नाही. मुलगी सिएटलला. दरवेळी "बाबा या ना" म्हणते आणि हे दरवेळी "बघू" म्हणतात. मागच्या वर्षी मी ठरवलंच की एकदाच जायचं पण आडवं झोपून जायचं, म्हणजे बिझनेस क्लास. पुणे-सिएटल जाऊन-येऊन बिझनेसचे भाव बघितले तर छातीत धस्स झालं. तेव्हा भाच्याने सांगितलं की मावशी, राउंड द वर्ल्ड तिकीट म्हणून प्रकार असतो तो बघ, कधीकधी साध्या रिटर्नच्या जवळपास पडतं आणि वाटेत उतरता पण येतं.

पहिल्यांदा स्टार अलायन्स ह्या विमान कंपन्यांच्या गटाचं बघितलं, कारण एअर इंडिया २०१४ पासून त्यात आहे, म्हटलं आपली ओळखीची एअरलाइन आहे. तिथे हिशोब मैलांवर चालतो, २९ हजार, ३४ हजार, ३९ हजार असे टप्पे. मग नातवाचा पृथ्वीचा गोल काढला, शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि टोकियोपासून सिएटलपर्यंत ताणून बघितला. दोरा ताणला की आपोआप वर अलास्काच्या बाजूने जातो, नकाशावर वाटतो तसा समुद्राच्या मधून नाही, तेव्हा कळलं विमानं तिकडून का जातात. आठ दिवस मी दोऱ्याच्या गाठी मोजत होते. पण आपल्याला जिथे जायचं ते जोडत गेलं की मैल भराभर संपतात आणि पुढचा टप्पा महाग.

मग वनवर्ल्ड ह्या दुसऱ्या गटाचं एक्सप्लोरर तिकीट सापडलं आणि ते मला पटलं. त्यात मैल नाहीत, तुम्ही किती खंडांना जाता त्यावर किंमत, कमीत कमी तीन, आणि एकूण १६ उड्डाणं घेता येतात. एकाच दिशेने जायचं, अटलांटिक एकदा आणि पॅसिफिक एकदा ओलांडायचा, जिथून निघालात तिथेच संपवायचं, वर्षभराची मुदत. आमचे तीन खंड झाले आशिया, उत्तर अमेरिका आणि युरोप. येताना वाटेत लागणारं दोहा त्यांच्या हिशोबात युरोप-मिडल ईस्टमध्ये येतं म्हणून त्याचा वेगळा खंड लागला नाही.

आता खरी गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. हे तिकीट कुठल्या देशातून सुरू होतं त्यावर भाव बदलतो. तोच रूट, त्याच एअरलाइन्स, त्याच सीटा, पण मुंबईहून एक किंमत, कोलंबोहून वेगळी, टोकियोहून आणखी वेगळी. आम्ही ऑफर येईल, सेल येईल म्हणून तीन महिने थांबलो होतो आणि तसा सेल काही आलाच नाही, पण सुरुवातीचं गाव बदललं आणि दोघांचे मिळून लाखांत पैसे वाचले, तेही पुण्याहून चेन्नईमार्गे कोलंबोचं इकॉनॉमी तिकीट आणि तिथली एक रात्र धरून. शिवाय मुंबईहून निघणाऱ्या बिझनेसच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ टक्के जीएसटी झालाय, कोलंबोच्या तिकिटात ती ओळच नव्हती.

आमच्या भागातल्या एका एजंटकडे गेले तर तो म्हणाला, "काकू, तुम्ही भारतात राहता ना, मग श्रीलंकेतून कसं निघणार, असं होत नाही." होतं. कोलंबोपर्यंत आपलं आपण पोचायचं आणि तिथून पहिलं विमान पकडायचं, एवढंच. मी त्याच्याशी वाद घातला नाही, घरी येऊन स्वतःच बुकिंगला बसले.

वनवर्ल्डच्या साइटवर सगळा रूट भरला, कोलंबो, क्वालालंपूर, टोकियो, सिएटल, न्यूयॉर्क, माद्रिद, दोहा, मुंबई आणि परत कोलंबो, आठ उड्डाणं, आणि पैसे भरायच्या पानावर एरर. तीनदा. शेवटी ज्या एअरलाइनकडून तिकीट निघणार होतं त्यांना फोन, पन्नास मिनिटं होल्ड, वही पुढ्यात. फोनवरची मुलगी चांगली होती, "मॅम, यू हॅव थ्री स्टॉपओव्हर्स इन एशिया" म्हणाली. ज्या खंडातून सुरुवात होते तिथे दोनच मुक्काम चालतात. आमचे क्वालालंपूर, टोकियो आणि मुंबई असे तीन होत होते. चोवीस तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर तो मुक्काम धरत नाहीत, म्हणून क्वालालंपूरचे दोन दिवस काढले आणि नुसतं विमान बदललं. वहीत मी क्वालालंपूरवर काट मारली तशी लगेच तिकडून ती म्हणाली, आता बसतंय.

दुसरी भानगड डी क्लासची. सीट मॅपवर बिझनेसच्या सीटा रिकाम्या दिसतात आणि तरी ह्या तिकिटावर मिळत नाहीत, कारण ती डी नावाच्या बुकिंग क्लासमध्येच मोकळी असावी लागते. टोकियो-सिएटल आम्हाला गुरुवारी हवं होतं, मिळालं शनिवारी. पहिल्या उड्डाणाची तारीख नीट ठरवा, बाकीच्या तारखा नंतर जागा असेल तर फुकट बदलता येतात, शहरं बदलली तर मात्र फी पडते.

लंडनचं मला लिहायचंच आहे. युरोपात उतरायचं तर ह्यांना लंडनचं लॉर्ड्सचं मैदान बघायचं होतं, लहानपणापासून रेडिओवर ऐकलेलं. पण लंडनहून बिझनेसमध्ये उडालं की जो प्रवासी कर लागतो तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त, आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा, म्हणजे परत फॉर्म, परत बोटांचे ठसे, परत फी. माद्रिद घेतलं तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, एक व्हिसा पुरत होता आणि न्यूयॉर्क-माद्रिद थेट होतं. मी दोन्ही हिशोब ह्यांच्यासमोर ठेवले. ते थोडा वेळ बघत राहिले आणि "राहू दे" म्हणाले. मला ते अजून लागतं.

व्हिसाचं सांगते, अमेरिकेचा दहा वर्षांचा आमच्याकडे होताच म्हणून हे जमलं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो, तेव्हा तो हातात नसेल तर आधी तो, मग तिकीट.

पैसे कार्डवर परदेशी चलनात गेले, बँक त्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे वरचा जादा आकार, लावते, कमी मार्कअपचं कार्ड आधीच काढून ठेवलं असतं तर तेवढे वाचले असते. जेवणाचा कोड एव्हीएमएल, म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, तो प्रत्येक उड्डाणाला वेगळा टाकून घ्यावा लागला, आठच्या आठ.

सगळीकडची बिझनेस सारखी नसते. अमेरिकेच्या आतल्या उड्डाणात रुंद खुर्ची मिळते, झोपता येत नाही, म्हणून सिएटल-न्यूयॉर्क आम्ही दिवसाचं घेतलं. रात्रीच्या लांब उड्डाणांवर नीट बेड आहे का ते विमानाच्या प्रकारावरून बघून घेतलं. टोकियो-सिएटलला ह्यांनी सीटचं बटण दाबलं, सीट हळूहळू सपाट झाली, मी पांघरूण घातलं आणि हे सलग सहा तास झोपले. घरी सुद्धा इतके झोपत नाहीत. आम्ही शनिवारी संध्याकाळी निघालो आणि सिएटलला शनिवारीच सकाळी उतरलो, एअरपोर्टवर मुलीने बाबांना स्वतःच्या पायांनी चालत येताना बघितलं आणि तिथेच रडायला लागली.

१६ उड्डाणं आहेत म्हणून सगळी वापरायचा हट्ट केला नाही, आठ पुरली. माद्रिदहून दोहा, दोह्याहून मुंबई, आणि मग टॅक्सीने घाट चढून कोथरूड.

शेवटचं मुंबई-कोलंबो अजून बाकी आहे. तिकिटाची मुदत वर्षाची म्हणून ते मुद्दाम फेब्रुवारीत टाकलंय, येतानाचं आपलं आपण साधं काढलंय. ह्यांनी परवा शोधून काढलं की गॉलचं क्रिकेटचं मैदान समुद्राला लागून, डच किल्ल्याच्या पायथ्याशी आहे आणि किल्ल्याच्या भिंतीवरून मॅच दिसते. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी कोलंबो ते गॉल ट्रेनची वेळ लिहून ठेवलीय.