सर्दीत कानाला दडे बसतात तेव्हा

इंदुरात थंडी पडली की घरोघरी लसूण घालून तेल कढवलं जातं आणि सर्दीने दडे बसलेल्या कानात ओतलं जातं. कृपा करून हे करू नका. तेल पडद्याच्या अलीकडे थांबतं आणि बिघाड असतो पलीकडे. शिवाय पडद्याला भोक असेल तर ते थेट आत उतरतं.

पडद्यामागच्या पोकळीतून साधारण साडेतीन सेंटिमीटरची नळी निघते आणि नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर उघडते. एरवी मिटलेली ही नळी गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते आणि आत हवा जाते. व्हायरसमुळे नाकाचं अस्तर सुजलं की तिचं तोंड बंद पडतं. आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. लहान मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून त्यांचे कान सर्दीत लवकर ठणकतात. घाट उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो. सर्दीत इंदूरजवळचा भेरूघाट उतरताना झोपलेल्या मुलाला उठवून घोट घोट पाणी पाजावं ते याचसाठी.

म्हणजे उपाय नाकाचा. २४० मिली पाणी उकळून कोमट करा, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून नाक धुवा. नर्मदेच्या नळाचं पाणी न उकळता नाकात घालू नये. पोटातलं आम्ल बरेच जंतू मारतं, नाकात तशी सोय नाही. शिंकरताना एकेक नाकपुडी, तीही हळू. दोन्ही दाबून जोर लावला तर शेंबूड कानाकडे ढकलला जातो.

चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिन या औषधाचा स्प्रे डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, टोक कानाच्या दिशेने. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारत राहिलं की खपल्या धरतात, रक्त येतं. मोठ्यांनीही ५ दिवसांत तो बंदच करावा. पुढे औषध उतरलं की नाक आणखी चोंदतं आणि बाटली सुटत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो पांढऱ्या पेशींमुळे. तेवढ्यावरून अँटिबायोटिक नको. १० दिवसांत उतारच नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर डॉक्टरांकडे जा.

एक गोष्ट मात्र सर्दीच्या नावाखाली दडून जाते. एका कानाला एकाएकी कमी ऐकू आलं, तर तोंड मिटून ‘हूं’ असा सूर धरा. दडे बसलेल्या कानात सूर मोठा वाटला तर बहुधा अडथळा नळीचा किंवा मळाचा. चांगल्या कानात मोठा वाटला तर आतल्या कानात किंवा ऐकण्याच्या नसेत बिघाड असण्याची शंका घ्यावी. ही चाचणी ढोबळ आहे, पण असं आढळलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. यावरची स्टेरॉइडं पहिल्या दोन आठवड्यांत जास्त उपयोगी पडतात, आणि बहुतेकांचे ते दिवस ‘सर्दी उतरली की कान मोकळा होईल’ म्हणण्यात जातात.