दिवेआगर: मधेच वाढलेलं भाडं आणि अडकलेला ॲडव्हान्स

25 डिसेंबरला पहाटे आम्ही सहाजण पुण्याहून निघालो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन करत जेवायच्या वेळेला दिवेआगर. मात्र ज्या बंगल्याचे पैसे ऑक्टोबरातच भरले होते, तिथे आम्ही उतरलो नाही. नाताळात कोकणात जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सांगते.

रात्रीचे 7,000, तीन रात्रींचे 21,000 ठरले होते. त्यातले 10,500 दिले होते. 5 डिसेंबरला मालकांचा फोन आला, "ताई, सीझनचा रेट 11,000 झालाय, जीएसटी पण वाढलाय. वरचे पैसे पाठवा, नाहीतर कॅन्सल करा. निम्मा ॲडव्हान्स कापला जाईल."

मी रागाने "रद्द करा" असं टाइप केलं होतं, पण नवऱ्याने पाठवू दिलं नाही, आणि पैसे वाचले ते तिथेच. ते दोन शब्द गेले असते तर बुकिंग आम्ही मोडलं असं झालं असतं आणि कपातीची अट आम्हाला लागली असती. खरं तर ठरलेला दर नाकारत होते ते. मग लिहिलं: "आम्ही ठरल्याप्रमाणे 25 तारखेला येतोय. 21,000 मध्ये बंगला देणार नसाल तर बुकिंग तुम्ही मोडताय. 10,500 पूर्ण परत करा."

जीएसटीचं कारणही खरं नव्हतं. 7,500 पर्यंतच्या खोल्यांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आला. 11,000 केले तर उलट 18 लागतो. तेही लिहून पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: "त्या रेटला जमणार नाही." आमच्या हातात याहून मोठा पुरावा नव्हता. म्हणून सांगते, फोनवर काहीही बोलणं झालं की लगेच तेच मेसेजमध्ये लिहून पाठवा, "आत्ता तुम्ही असं म्हणालात" म्हणून.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नोंदणी क्रमांक मिळतो, समोरच्याला कळवलं जातं, पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. आमच्या बाबतीत तिथे काही हललं नाही. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली: 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोन वर्षांची मुदत असते. नोटिशीला मेसेजेस आणि पैसे भरल्याची पावती जोडली होती. 9 जानेवारीला पूर्ण 10,500 खात्यात जमा झाले.

आपणच आयत्या वेळी रद्द केलं असेल तर मात्र भांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणातल्या घरांचं वर्षाचं गणित या थोड्या दिवसांवर चालतं, आणि रिकामी गेलेली खोली परत भरत नाही.

राहिलो ते सुपारीच्या वाडीतल्या एका काकूंच्या घरी, 2,500 च्या दोन खोल्या. काकांनी न विचारता दर, खोली मिळण्याची वेळ आणि रद्द केल्यास किती परत, हे तिन्ही मेसेजवर पाठवलं होतं. तुम्हीही पैसे देण्याआधी एवढं लिहून घ्या, आणि "जेवणासह की वेगळं" हेही. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री सांगावं लागतं.

सुवर्ण गणेश आणि रूपनारायण ही देवळं सकाळी लवकर पाहा, नंतर गर्दी होते. एक दुपार आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यासाठी ठेवा. सासूबाई तिथे गाडीतून उतरून बराच वेळ समुद्राकडे बघत उभ्या होत्या. मुरुडला जायचं असेल तर दिघीहून आगरदांड्याला गाडीसकट फेरीने जाता येतं, पण सुट्टीत तिथे रांग लागते, हाताशी वेळ ठेवून निघा.