रोटचा ट्रायथलॉन: 226 किलोमीटरचा हिशेब

जर्मनीत न्यूर्नबर्गच्या दक्षिणेला रोट नावाचे एक लहानसे गाव आहे. रोमन लिपीत या नावाच्या शेवटी ‘एच’ असल्यामुळे आपल्याकडे बरेच जण ‘रोथ’ म्हणतात, पण स्टेशनवर कोणाला रस्ता विचारायचा असेल तर ‘रोट’ असाच उच्चार करावा. दरवर्षी जुलैच्या सुरुवातीच्या एका रविवारी येथे ‘चॅलेंज रोट’ हा लांब पल्ल्याचा ट्रायथलॉन होतो: 3.8 किलोमीटर पोहणे, सुमारे 180 किलोमीटर सायकल आणि शेवटी 42.2 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. 1984 साली स्थानिक पातळीवर सुरू झालेली ही स्पर्धा 1988 पासून ‘आयर्नमॅन’च्या नावाखाली आणि 2002 पासून ‘चॅलेंज’ या नावाने होत आली आहे. 2024 साली माग्नुस डिटलेव्हने येथे 7 तास 23 मिनिटे 24 सेकंदांत आणि आन हाउगने 8 तास 2 मिनिटे 38 सेकंदांत शर्यत पूर्ण केली. त्याच मार्गावर मला 14 तास 25 मिनिटे लागली. एकूण मर्यादा 15 तासांची असते, त्यामुळे माझ्यासारख्या मागच्या फळीतल्या स्पर्धकाला काय उपयोगी पडते आणि काय महागात जाते, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. गेली 11 वर्षे नोकरीनिमित्त न्यूर्नबर्गजवळच्या एर्लांगेनमध्ये राहते. पोहायला शिकले ती मामाच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. त्यामुळे तळ न दिसणाऱ्या पाण्याची भीती मला कधीच नव्हती, आणि ही किती मोठी शिदोरी आहे हे इथे आल्यावर कळले. तलावात निळ्या फरशांवरची काळी रेघ पाहून पोहायला शिकलेले, माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान असलेले लोक उघड्या पाण्यात पहिल्या 200 मीटरांत धापा टाकताना मी पाहिले आहेत. म्हणून पहिला सल्ला असा की, स्पर्धेआधी किमान सहा-सात वेळा तरी खुल्या पाण्यात पोहून घ्यावे. रोटजवळच रोटझे हा मोठा जलाशय आहे. तिथे पोहता येते आणि जूनमध्ये तिथेच ऑलिंपिक अंतराचा, म्हणजे याहून बराच छोटा, एक ट्रायथलॉनही होतो. जे आधीपासून युरोपात राहतात त्यांनी तो जरूर करावा. भारतातून येणाऱ्यांनी आपल्या भागातला सुरक्षित तलाव शोधावा, पण एकट्याने कधीही उतरू नये आणि कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधल्याशिवाय तर मुळीच नाही.

प्रवेश मिळवणे हा पहिला अडथळा आहे. ऑनलाइन जागा उघडल्या की पाहता पाहता संपतात. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रोटमध्ये प्रत्यक्ष नोंदणी होते आणि लोक त्यासाठी आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात; मला जागा मिळाली ती याच रांगेत. पूर्ण अंतराची खात्री नसेल तर तिघांनी मिळून करायचा रिले हा अतिशय चांगला मार्ग आहे. तीच गर्दी, तेच पाणी, तोच शेवटचा टप्पा अनुभवता येतो आणि पुढच्या वर्षी आपल्याला काय झेपेल याचा अंदाजही येतो.

मुंबईहून म्युनिक किंवा फ्रँकफर्टला थेट विमान आहे. दोन्हीकडून न्यूर्नबर्गला रेल्वेने यावे आणि तिथून एस-बानने (लोकल गाडीने) रोटला, म्हणजे आणखी सुमारे अर्धा तास. शेंगेन व्हिसाच्या भेटीची वेळ उन्हाळ्याच्या तोंडावर सहज मिळत नाही, तेव्हा ते काम आधी उरकावे. रोटमध्ये आणि शेजारच्या हिल्पोल्टश्टाइन गावात राहण्याच्या जागा वर्षभर आधी भरतात. मात्र न्यूर्नबर्गमध्ये उतरलात तर स्पर्धेच्या पहाटे स्टार्टला कसे पोहोचायचे हे आधी नक्की करून ठेवा, कारण त्या दिवशी आसपासचे बरेच रस्ते बंद असतात.

सायकल सोबत आणणाऱ्यांनी मागच्या गिअरचा हँगर (गिअर ज्यावर टांगलेला असतो तो छोटा धातूचा तुकडा) काढून वेगळा गुंडाळावा आणि एक जादा हँगर सोबत ठेवावा. प्रवासात सर्वाधिक मोडतोड त्याचीच होते. हवा भरायची सीओटू काडतुसे विमानातून आणण्याच्या भानगडीत न पडता इथेच विकत घ्यावीत. सायकल भाड्याने घेणार असाल तर एक गोष्ट दुकानातच विचारून घ्या: आपल्याकडे बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, इथे तो डावीकडे असतो. उतारावर चुकीचा ब्रेक दाबला गेला तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे आणि डावीकडून पुढे जायचे असते. आयुष्यभर डावीकडून सायकल चालवलेल्या माणसाचे शरीर दमल्यावर जुन्या सवयीकडे वळते, म्हणून निदान तीन-चार दिवस आधी येऊन साध्या रहदारीत सराव करावा.

नंबर घेताना फोटो असलेले ओळखपत्र लागते, आणि ज्यांच्याकडे जर्मन ट्रायथलॉन संघटनेचा परवाना नाही त्यांना एका दिवसाचा परवाना काढावा लागतो. सायकल शनिवारीच कालव्याकाठच्या ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्याकडे वळण्याच्या जागेत, ठेवायची असते. पाण्यातून सायकलकडे जाण्याची ट्रान्झिशनची जागा वेगळी आणि सायकलवरून उतरून धावायला लागण्याची वेगळी, अंतरही बरेच आहे. त्यामुळे कोणती वस्तू कोणत्या पिशवीत जाते याची कागदावर यादी करून, ती दोनदा तपासूनच पिशव्या द्याव्यात. हेल्मेटचा बक्कल लावण्याआधी सायकलला हात लावायचा नाही हा नियम कडक आहे.

स्पर्धा माइन-डॅन्यूब कालव्यात सुरू होते. साडेसहाला व्यावसायिक स्पर्धक सुटतात आणि मग काही मिनिटांच्या अंतराने एकेक गट पाण्यात जातो. माझा गट 7 वाजून 25 मिनिटांनी सुटला. कालव्यावरचा पूल माणसांनी गच्च भरलेला असतो, आकाशात गरम हवेचे फुगे चढत असतात, आणि तोफ उडाली की तिचा दणका पाण्यातून छातीला जाणवतो. पाणी 22 अंशांच्या आसपास होते. हौशी स्पर्धकांना 24.5 अंशांपर्यंत वेटसूट (पोहताना घालायचा रबरी घट्ट पोशाख) वापरता येतो. तो जरूर वापरावा, कारण त्याने शरीर वर तरंगते आणि पाय वाचतात. मात्र मानेला आणि काखेला व्हॅसलिन चोपडायला विसरू नका. मी मानेला कमी लावले आणि त्या जागी पडलेला वळ आठवडाभर जळजळत होता. कालव्याला जाणवण्याजोगा प्रवाह नाही आणि दोन्ही काठ डोळ्यांसमोर राहतात, त्यामुळे दिशा चुकत नाही. श्वास घेताना काठावरची माणसे दिसत राहतात. मी 1 तास 38 मिनिटांत बाहेर आले. जिथे इतरांशी धक्काबुक्की होते त्या वळणांवर मी मुद्दाम दोन हात बाहेरून पोहले आणि ते सार्थकी लागले.

सायकलचा मार्ग दोन फेऱ्यांचा आहे. रस्ते गुळगुळीत, गावे स्वच्छ, आणि प्रत्येक गावात लोक अंगणात टेबले मांडून, घंटा वाजवत बसलेले असतात. ग्रेडिंगजवळ काल्व्हारिएनबेर्ग हा खरा चढ. ज्याने पसरणीच्या घाटात सराव केला आहे त्याला तो लांबीने छोटा वाटेल, पण पहिल्या फेरीत तिथे जोर लावू नये. पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर राखावे लागते. पंच मोटारसायकलवरून फिरत असतात आणि अंतर मोडल्यास दंडाच्या तंबूत थांबावे लागते.

हिल्पोल्टश्टाइनमधल्या सोलारच्या चढावर गर्दी इतकी असते की रस्ता शेवटी एका सायकलपुरता उरतो आणि माणसे आपल्यासमोरून बाजूला सरत जातात. त्या कल्लोळात डाव्या बाजूने “आई, पाय मार, पाय मार!” अशी हाक आली. माझी मुलगी नवऱ्याच्या खांद्यावर बसून पातेल्यावर डाव आपटत होती. शेकडो जर्मन आवाजांतून तेवढे एक मराठी वाक्य कानाला अचूक सापडले. सोबत येणाऱ्या कुटुंबीयांनी दिवसभरात जागा बदलत धावपळ करण्यापेक्षा हीच एक जागा दोन्ही फेऱ्यांसाठी धरून ठेवावी आणि मग संध्याकाळी रोटला यावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती सांगते. एवढ्या अंतरात पाय दमतात हे खरे, पण शर्यत बिघडते ती बहुधा पोटात. सायकलवर ताशी 60 ग्रॅम कर्बोदके आणि 500 ते 750 मिलिलिटर द्रव असा माझा बेत होता. बाजारात पुडीत मिळणारी ऊर्जेची गोड जेल मला तीन तासांपलीकडे सोसत नाहीत. म्हणून मी कोकमाच्या आगळात साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली कर्बोदकांची पूड) आणि मोजून मीठ घालून दोन बाटल्या घट्ट मिश्रण केले होते, प्रत्येकीत 150 ग्रॅम कर्बोदके. तिसरी बाटली वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यांवर बदलत राहायची साध्या पाण्याची. खायला हळद-मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे आणि बिया काढलेले खजूर. शेंगदाण्याची चिक्की मी सरावात वापरून सोडून दिली, कारण कोरड्या तोंडात ती फिरत राहते आणि चढावर श्वास अडतो. हा सगळा बेत चार महिने दर रविवारच्या लांब सायकलिंगमध्ये तपासलेला होता.

तरी चूक झाली. दुसऱ्या फेरीत तापमान 32 अंशांवर गेले होते. एका थांब्यावर स्वयंसेवकाने पुढे केलेली पाण्याची बाटली माझ्या हातातून निसटली आणि मागून सायकली येत असल्याने मी थांबले नाही. पुढचा थांबा येईपर्यंत माझ्याकडे फक्त घट्ट मिश्रण होते. पाण्याशिवाय ते घशाखाली उतरेना, म्हणून मी ते पिणेच सोडून दिले. पुढे पाणी मिळाल्यावरही मन त्या गोड चवीकडे वळले नाही. त्या वेळी काहीच त्रास जाणवला नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्याला वाटते की उन्हाची आपल्याला सवय आहे. पण आपल्या दमट हवेत घाम अंगावर निथळताना दिसतो. इथल्या कोरड्या वाऱ्यात, ताशी 25 किलोमीटर वेगाने जाताना, तो क्षणात उडून जातो आणि किती पाणी गेले याचा पत्ता लागत नाही. माझ्या कोपरापाशी मिठाची पांढरी रेघ धरली होती, मी ती पाहिली आणि दुर्लक्ष केले. बाटली पडली तर थांबा, पाय टेका, दुसरी घ्या. त्यात फार तर एक मिनिट जाते.

त्या मिनिटाची किंमत धावताना 27व्या किलोमीटरला कळली. धावण्याचा मोठा भाग कालव्याच्या काठाने, पांढऱ्या खडीच्या सरळ रस्त्यावर आहे. काही ठिकाणी सावली मुळीच नाही आणि जुलैत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. दोन्ही पोटऱ्या एकदम आवळल्या आणि मी जागीच उभी राहिले. पुढच्या थांब्यावर साठीच्या पुढच्या एका बाईंनी काही न विचारता मला खुर्चीवर बसवले, गार पाण्यात बुडवलेला स्पंज मानेवर दाबून धरला आणि खारट सूपचा पेला हातात दिला. “हळूहळू, पण सगळे प्या,” असे त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. मी दोन पेले संपवले. घाबरून नुसते पाणी ढोसणे अशा वेळी धोक्याचे असते, कारण मीठ आधीच गेलेले असते आणि त्यात साधे पाणी भरत गेले की रक्तातले सोडियम आणखी खाली जाते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे अशी लक्षणे दिसली तर पिणे थांबवून लगेच वैद्यकीय तंबू गाठावा.

त्यानंतर मी एकच पद्धत धरली: प्रत्येक थांब्यावर चालायचे, टोपीत बर्फ घालायचा, एक घोट कोला, एक घोट सूप, आणि पुढच्या थांब्यापर्यंत पळायचे. ही पद्धत पहिल्या किलोमीटरपासूनच अंगीकारावी असे आता वाटते. 5 तास 20 मिनिटांच्या धावण्यातला उरलेला सगळा भाग मी या पद्धतीनेच काढला. रोटच्या बाजारचौकात रात्रीच्या जेवणाला बसलेली माणसे उठून टाळ्या वाजवत होती. शर्यत जिथे संपते त्या स्टेडियमच्या तोंडाशी मुलगी उभी होती. शेवटचे काही मीटर कुटुंबीयांना सोबत घेता येते. तिने माझा हात धरला, तो चिकट होता म्हणून पुसला आणि परत धरला. घड्याळात 9 वाजून 50 मिनिटे झाली होती, आकाशात अजून उजेडाची कडा होती.

शेवटचा स्पर्धक येईपर्यंत स्टेडियम भरलेले राहते आणि मग आतषबाजी होते. दमलेले असलात तरी त्यासाठी थांबा. अंगावर घालायला उबदार जाकीट मात्र पिशवीत ठेवा, कारण अंग थंड पडले की जुलैतही हुडहुडी भरते. सायकल आणि पिशव्या त्याच रात्री सोडवून घ्यायच्या असतात, तेव्हा पावती सोबतच्या माणसाकडे द्या.

माझी सायकल नवऱ्याने आणली. घरी आल्यावर मी कोकमाची दुसरी बाटली मापाच्या भांड्यात ओतून पाहिली. 400 मिलिलिटर उरले होते, म्हणजे 80 ग्रॅम कर्बोदके आणि त्यासोबतचे सगळे मीठ. सरावाच्या वहीत 27व्या किलोमीटरच्या ओळीपुढे मी तो आकडा लिहून ठेवला.