दोन लॅबचे रिपोर्ट जुळले, म्हणून काय झालं?

टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ०.०८: फारच खाली. थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन उलट चढलेले: फ्री टी-४ वर, फ्री टी-३ सुद्धा वर. अख्खं गावच दवाखान्यांवर चालणाऱ्या मिरजेत असा रिपोर्ट बघून कुणी दचकत नाही. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतोय, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याच ट्यूबवर आणखी दोन टेस्ट लागल्या होत्या आणि माझा हात तिथे थांबला. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, ११. इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, १८०. फॉर्मवर वय ५१ आणि ‘शेवटची पाळी’ या रकान्यात, कधी नव्हे ते कुणीतरी लिहिलेलं: सव्वा वर्षापूर्वी.

पाळी जाऊन वर्ष उलटलं की अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन आटतं आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जीव तोडून एफएसएच सोडत राहते. त्या वयात एफएसएच सत्तर-ऐंशी दिसला तर नवल नाही, आणि इस्ट्रॅडिऑल तळाला गेलेलं असतं. माझ्यासमोरचे आकडे पाळी नियमित येणाऱ्या पस्तिशीतल्या बाईला शोभणारे होते.

ट्यूबची अदलाबदल हा पहिला संशय. बारकोड बरोबर होता. सकाळचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने, दोन्ही लेव्हलला जागच्या जागी. त्याच रनमधल्या बाकीच्यांचे रिपोर्ट सरळ. सिरम पुन्हा फिरवून लावलं, आकडे तेच. मग डायल्यूट करून लावलं. सॅम्पल पातळ केलं की आकडा त्या प्रमाणात उतरायला हवा आणि गुणून पुन्हा मूळ आकड्याशी जुळायला हवा. इथे एफएसएच गुणल्यावर ११ ऐवजी पार तिशीच्या पुढे गेला. म्हणजे सिरममध्ये असं काहीतरी होतं जे मशीनला नीट मोजू देत नव्हतं, आणि पातळ केल्यावर त्याचाही जोर ओसरत होता. या पायरीचा मला अजून अभिमान आहे, कारण कॉम्प्युटरच्या पडद्यावर तोपर्यंत एकही लाल खूण नव्हती. मशीनच्या हिशेबी सगळं आलबेल होतं.

सरांना दाखवलं. सर म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट, ज्यांच्या सहीने रिपोर्ट जातो. त्यांनी फॉर्मला लावलेला आधीच्या लॅबचा रिपोर्ट उलटसुलट बघितला. त्यातही टीएसएच असाच खाली, टी-४ असाच वर. “दोन लॅबचं जुळतंय की. सोडा रिपोर्ट.” सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण दुपारी दीडला त्यांना जेवणाशिवाय काही सुचत नाही. मी म्हटलं, त्या लॅबकडे आपल्याच जातीचं मशीन आहे, सर. एकाच चुकीवर दोन ठिकाणांहून शिक्का बसला तर ती दुरुस्त होत नाही, पक्की होते. सर काही बोलले नाहीत. पण सही न करता उठले, ते पुरेसं होतं.

बाईंना फोन लावला. त्या शाळेत शिकवतात, म्हणून मीही बाईच म्हणत होते. “काही गोळ्या-औषधं चालू आहेत का?” “छे हो, मॅडम. मला साधी बीपीची गोळी नाही.” फॉर्मवरही तेच होतं, ‘चालू औषधे: नाही’. या प्रश्नाला नव्वद टक्के लोक नाहीच म्हणतात, हे कलेक्शनला बसलेल्या कुणालाही विचारा. म्हणून मी नेहमीची युक्ती केली. “सकाळी उठल्यापासून रक्त देईपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते सांगा बरं.” गरम पाणी. भिजवलेले बदाम. “आणि ते माझं हर्बलचं. जावेने भिशीत दिलंय. अंगातून वाफा निघतात ना, त्याच्यासाठी. आणि केसांची एक गोळी. फार गळतायत.”

डबे घेऊन याच म्हटलं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या मिस्टरांबरोबर आल्या आणि पर्समधून दोन बाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या. एक जांभळ्या लेबलची, वर फुलाचं चित्र. समोर मोठ्या अक्षरांत शतावरी, अश्वगंधा, सोया आयसोफ्लेवोन, ब्लॅक कोहोश. मागे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत जीवनसत्त्वांची यादी आणि त्यात बायोटिन ५ मिलिग्रॅम. खाली ‘औषधी वापरासाठी नाही’ हे कायद्याने घालावं लागणारं वाक्य. दुसऱ्या बाटलीवर बायोटिन १० मिलिग्रॅम, आणि ती सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला २५ मिलिग्रॅम. माणसाला रोज लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम. आठशे पटीच्या वर.

अश्वगंधा वाचून मी क्षणभर अडखळले होते, कारण तिने काही जणांचे थायरॉइड हार्मोन खरोखरच वाढल्याच्या नोंदी आहेत. पण पाळी गेलेल्या बाईचा एफएसएच तिने ११ वर येणार नाही. पाच आकडे एकाच वेळी, तेही नेमके असे बिघडवणारं त्या बाटल्यांमध्ये एकच होतं: बायोटिन.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आमच्या मशीनच्या रीएजंटमध्ये, म्हणजे टेस्टच्या रसायनात, बारीक चुंबकीय कण असतात आणि त्यांच्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन बसवलेलं असतं. त्याची आणि बायोटिनची पकड निसर्गातल्या सगळ्यात चिवट पकडींपैकी एक. म्हणून कंपन्या हार्मोन पकडणाऱ्या अँटिबॉडीला बायोटिन जोडतात, ते कणाला चिकटतं, उरलेलं धुऊन टाकायचं आणि मागे राहिलेल्यातून येणारा प्रकाश मोजायचा. आता पेशंटच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर ते आधीच जाऊन, एसटीत रुमाल टाकून ठेवावा तसं, कणांवरच्या सगळ्या जागा धरून ठेवतं. अँटिबॉडी उभ्याच राहतात आणि धुताना वाहून जातात. प्रकाश कमी पडतो.

टीएसएच आणि एफएसएचच्या टेस्टमध्ये प्रकाश कमी म्हणजे हार्मोन कमी. टी-३, टी-४, इस्ट्रॅडिऑल हे लहान रेणू, त्यांची पद्धत उलटी: प्रकाश कमी म्हणजे हार्मोन जास्त. त्यामुळे येणारा रिपोर्ट विस्कळीत, वेडावाकडा दिसत नाही. टीएसएच खाली, टी-४ वर, अगदी पाठ्यपुस्तकातला हायपरथायरॉइड दिसतो. त्यात बाईंच्या तक्रारी काय? घाम, धडधड, झोप नाही, चिडचिड. या हायपरथायरॉइडच्याही आणि पाळी जाण्याच्याही. डॉक्टरांनी तरी वेगळं काय वाचायचं? वजन मात्र घटायच्या ऐवजी चार किलोने वाढलं होतं, तेवढा एक धागा कुणीतरी ओढायला हवा होता.

पहिल्या रिपोर्टवर कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइडला आवरणारं औषध, लिहून झालं होतं. गोळ्या आणून घरी ठेवल्या होत्या. सुरू केल्या नाहीत त्या फक्त मिस्टरांमुळे. “आधी दुसरीकडून खात्री करू म्हटलं,” ते मला म्हणाले. कार्बिमाझोलने क्वचित पांढऱ्या पेशी झपकन उतरतात, लिव्हरला त्रास होऊ शकतो. खरा हायपरथायरॉइड असेल तर तो धोका पत्करायचाच, पण इथे थायरॉइड धडधाकट होता.

तीच ट्यूब मी स्ट्रेप्टॅव्हिडिन न वापरणाऱ्या मशीनवर, ओळखीच्या लॅबमध्ये पाठवली. टीएसएच २.८, नॉर्मल. आठवडाभर दोन्ही बाटल्या बंद ठेवून बाईंचं रक्त पुन्हा घेतलं आणि आमच्याच मशीनवर लावलं: टीएसएच २.९, टी-४ मधोमध, एफएसएच ७४, इस्ट्रॅडिऑल तळाला.

त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना मला धाकधूक होती. “बायोटिन? ते तर मीच लिहितो केसांसाठी,” असं म्हणाले आणि थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, कुठे छापलंय ते पाठवा. मी रीएजंटच्या खोक्यातल्या घडीच्या कागदाचा फोटो पाठवला. मोठा डोस चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान आठ तास सॅम्पल घेऊ नये, असं त्यात आहेच. प्रत्येक खोक्यात तो कागद येतो आणि प्रत्येक लॅबमध्ये तो खोक्यासकट कचऱ्यात जातो. अमेरिकेच्या एफडीएने तर नोव्हेंबर २०१७ मध्येच जाहीर इशारा दिला होता. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्ट बायोटिनमुळे खोटी कमी आली आणि तो पेशंट दगावला, अशी नोंद त्यात होती. डॉक्टरांनी कार्बिमाझोल रद्द केलं, आणि बाईंना स्वतः फोन करून सांगितलं. सगळेच असं करत नाहीत.

बाई रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा एकच प्रश्न घेऊन आल्या होत्या. “मग ते हर्बल घेऊ की नको? वाफा खरंच कमी झाल्यात हो.” डॉक्टरांना विचारा, एवढंच मी म्हणू शकले. सोयाचा थोडाफार उपयोग काहींना होतो, ब्लॅक कोहोशने क्वचित कुणाची लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. आणि चाचण्यांमध्ये नुसती खोटी गोळी घेतलेल्या बायकांच्या वाफाही बऱ्यापैकी कमी होतात. पण रात्री तीनदा गाऊन बदलणाऱ्या बाईला हे मी कोणत्या तोंडाने सांगू? तिच्याजवळ वेळ काढून बसलं ते फक्त भिशीतल्या जावेने.

मला छळतंय ते वेगळंच. एफएसएच लावलं होतं म्हणून हे सापडलं, आणि ते लावायची मुळात गरजच नव्हती. पंचेचाळिशीच्या पुढे वर्षभर पाळी बंद असली की रजोनिवृत्तीसाठी रक्त काढावं लागत नाही. आमच्या मालकांनी काढलेल्या ‘चाळिशी प्लस’ पॅकेजमध्ये ते फुकटात घुसडलेलं आहे, आणि त्या पॅकेजला मी येता-जाता नावं ठेवते. ते नसतं तर दुसऱ्या लॅबचाही शिक्का बसून रिपोर्ट गेला असता.

आणि याच्या उलटं असेल तर? थायरॉइड कमी पडतो म्हणून थायरॉक्सिन घेणारी बाई, डोस कमी पडतोय, खरा टीएसएच चढलेला, १२. वर केसांची गोळी. आमचं मशीन ३ दाखवणार. नॉर्मल. त्या रिपोर्टवर मी थांबणार नाही, सर थांबणार नाहीत, डॉक्टर म्हणतील छान आहे, तोच डोस चालू ठेवा. ती बाई सुजत, थकत राहील आणि सगळे म्हणतील वयाचं आहे. आमच्या कॉम्प्युटरमधले जुने नॉर्मल रिपोर्ट मी आता कोणत्या खुणेने ओळखायचे? त्या बायकांना सकाळी काय घेतलं ते विचारलेलंच नाही.

कंपनीचा माणूस म्हणतो नव्या रीएजंटना बायोटिनचा एवढा त्रास नाही, जुना स्टॉक संपला की ते येतील. तोवर मी फॉर्मवर वेगळा रकाना घातलाय: केस, त्वचा, नखं, मल्टिव्हिटॅमिन, हर्बल, पावडर, गमी, काहीही, शेवटचं कधी घेतलं. काउंटरवरची मुलगी नीट विचारते. होम कलेक्शनचे फॉर्म कालच चाळले. सगळ्यांवर ‘नाही’, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. दुचाकीवर टाकीचा टेबल करून लिहिलेले असणार. त्या पोराला उद्या सात वाजता बोलावलंय.