सुरुवात मजकुराची की ओळीची?

रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना (पॅटर्न) शोधण्यासाठीच्या सांकेतिक लिखाणातील, ^ हे चिन्ह कोणत्याही अक्षराशी जुळत नाही. पुढचा पॅटर्न नेमक्या कोणत्या जागेपासून सुरू व्हायला हवा, एवढेच ते सांगते. ती जागा संपूर्ण मजकुराच्या आरंभी असते की प्रत्येक ओळीच्या आरंभी, हे मात्र भाषेवर आणि निवडलेल्या पर्यायांवर अवलंबून असते. ग्रेप हे मजकूर शोधणारे कमांड-लाइन साधन मुळात ओळीओळीनेच वाचत असल्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. पायथन, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये ^ एरवी मजकुराच्या आरंभीच जुळते व मल्टिलाइन पर्याय दिला तरच प्रत्येक ओळीच्या आरंभी जुळू लागते. रूबीत तर ते कायमच ओळीचा आरंभ मानते.

रूबीतला हा फरक सुरक्षेच्या दृष्टीने महागात पडू शकतो. वापरकर्त्याने दिलेली लिंक 'एचटीटीपी'नेच सुरू होते का, हे रूबीत ^ लावून तपासले, तर पहिल्या ओळीत घातक स्क्रिप्ट आणि दुसऱ्या ओळीत सभ्य लिंक असलेला मजकूरही बिनदिक्कत पास होतो. म्हणूनच मल्टिलाइन पर्याय स्पष्टपणे दिलेला नसेल, तर रेल्स हे रूबीतील वेब फ्रेमवर्क अशा व्हॅलिडेशनमधील (तपासणीतील) ^ नाकारून थेट एरर देते, आणि ही सक्ती मला रास्त वाटते. तिथे बॅकस्लॅश आणि कॅपिटल ए ही जोडी वापरावी. ती फक्त मजकुराच्या आरंभीच जुळते. जावास्क्रिप्टमध्ये ही जोडी नाही. पायथनचे 'मॅच' फंक्शन मल्टिलाइन पर्याय दिला तरी मजकुराच्या आरंभीच पाहते, 'सर्च' मात्र सगळीकडे शोधते.

'किंवा' असा अर्थ असलेल्या उभ्या रेघेचा (|) घोळ याहून फसवा आहे. ^चूक|इशारा या पॅटर्नमध्ये ^ फक्त 'चूक'ला लागू होते, त्यामुळे 'नवा इशारा आला' हे वाक्यही जुळते; ^(चूक|इशारा) असे लिहिले की अट दोन्ही शब्दांना लागू होते.

देवनागरीत आणखी एक गंमत आहे. युनिकोडमध्ये क्ष हे क, हलन्त आणि ष असे साठवले जात असल्याने ^क हा पॅटर्न 'क्षमा' या शब्दाशीही जुळतो.

ठरलेल्या शब्दानेच सुरुवात होते का, एवढेच पाहायचे असेल, तर मी पायथनचे 'स्टार्ट्सविथ' वापरतो, कारण त्यात टिंब किंवा कंस एस्केप करावे (त्यांचा खास अर्थ टाळायला आधी बॅकस्लॅश लावावे) लागत नाहीत. इतके करूनही फाइलची पहिलीच ओळ जुळत नसेल, तर आरंभी अदृश्य बाइट ऑर्डर मार्क (फाइलचे एन्कोडिंग दर्शवणारे चिन्ह) आहे का ते पाहावे. पायथनमध्ये फाइल 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंगने उघडली की तो आपोआप गळतो.