तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जी.आय.पी.आर.’चा चमचा चांदीचा का, आणि किती जुना?

प्रश्न असा असतो: आजोबा रेल्वेत होते, माळा आवरताना काळा पडलेला चमचा निघाला, दांड्याच्या पाठीवर ‘जी.आय.पी.आर.’ (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे) आहे. हा चांदीचा का? आणि डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधला का? हे दोन प्रश्न जोडीनेच येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

चांदीचा बहुधा नाही. रेल्वेच्या जेवणाच्या टेबलावरचे काटे-चमचे साधारणपणे ई.पी.एन.एस.चे, म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चांदीचा मुलामा दिलेले असत. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते. चांदी फक्त वरच्या पातळ थरात. हे ऐकून बरेच जण चमचा परत माळ्यावर टाकतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. या वस्तूंची खरी किंमत धातूत नाही, त्यांच्यावरच्या ठशांत आहे.

म्हणून आधी घासू नका. चिंच, राख, पितळ घासायची पावडर यांतलं काहीच नको. कोमट पाणी, भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब आणि जुना मऊ टूथब्रश एवढं पुरे. अक्षरांच्या खाचेत बसलेला काळेपणा राहू द्या, त्यामुळेच अक्षरं वाचता येतात. मग खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च चमच्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. तरीही लागलं नाही, तर ठशावर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा.

आता अक्षरं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कायद्याने स्थापन झाली १८४९ साली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. १९२५ मध्ये सरकारने कारभार हातात घेतला, तरी नाव तेच राहिलं. त्यामुळे ‘जी.आय.पी.आर. म्हणजे १९२५ च्या आधीचं’ हे बाजारात ऐकू येणारं विधान चूक आहे. बी.बी. अँड सी.आय.चंही (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) तसंच: कंपनी १८५५ ची, ताबा १९४२ मध्ये सरकारकडे, नाव मात्र पश्चिम रेल्वे होईपर्यंत, म्हणजे त्याच १९५१ च्या नोव्हेंबरपर्यंत. पुणे, मिरज, बेळगाव पट्ट्यात एम. अँड एस.एम. (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) सापडतं. ती रेल्वे १९०८ ते एप्रिल १९५१, त्यामुळे पल्ला आपोआप लहान होतो. मराठवाड्यातल्या घरांत निजामाच्या रेल्वेची भांडी निघतात. एन.जी.एस.आर. (निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे) असेल तर १९३० पर्यंतचं. त्यातलं ‘जी’ म्हणजे गॅरंटीड; १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे ताब्यात घेतली आणि ते अक्षर गळलं.

डेक्कन क्वीनबद्दल स्पष्ट सांगतो. ती सुरू झाली १ जून १९३० ला. जी.आय.पी.आर. या नावाच्या १०२ वर्षांपैकी तिच्या वाट्याला शेवटची २१ वर्षं येतात, आणि त्याही काळात स्टेशनांवरच्या रिफ्रेशमेंट रूम चालूच होत्या. नुसत्या आद्याक्षरांवरून चमचा गाडीतला की स्टेशनवरचा हे ठरत नाही. तसे शब्द कोरलेले असतील तरच म्हणावं. कधी रेल्वेऐवजी खानपान ठेकेदाराचं नाव असतं: ईस्ट इंडियन रेल्वेच्या बाजूला केल्नर, दक्षिणेत स्पेन्सर. तेही टाकाऊ समजू नका.

मालकाचा ठसा काळाच्या दोन कडा देतो, त्यांच्यामधलं अंतर कारखान्याचा ठसा कमी करतो. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ई, पी, एन, एस ही चार अक्षरं चार वेगळ्या चौकटींत, कधी वळणदार जुन्या लिपीत ठोकलेली असतात आणि लांबून थेट हॉलमार्कसारखी दिसतात. शेवटचा ‘एस’ लोक स्टर्लिंगचा (९२.५ टक्के चांदी) किंवा शेफील्ड या इंग्लंडमधल्या शहराचा समजतात. इंग्लंडच्या खऱ्या स्टर्लिंगवर चालणारा सिंह असतो. तो नसेल तर ‘एस’वर विसंबू नका.

नेहमी भेटणारी नावं तीन. फडकत्या निशाणात डब्ल्यू अँड एच असेल तर शेफील्डचे वॉकर अँड हॉल. एम अँड डब्ल्यू म्हणजे मॅपिन अँड वेब. ई अँड कंपनी म्हणजे बर्मिंगहॅमचे एल्किंग्टन, ज्यांनी १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. एल्किंग्टन मुलाम्याच्या मालावरही वर्षाचं अक्षर ठोकत. मात्र अक्षरमाला संपली की ती पुन्हा ‘ए’पासून सुरू होई, म्हणून नुसतं अक्षर न बघता त्याच्या चौकटीचा आकारही एल्किंग्टनच्या वर्षाक्षरांच्या तक्त्याशी जुळवावा लागतो. ठशात मुकुट असेल तर वस्तू साधारण १८९६ च्या आधीची, कारण मुकुट ही शेफील्डच्या चांदी-तपासणी कार्यालयाची खूण होती आणि मुलामेवाल्यांना ती बंद करावी लागली. ‘आर.डी. नंबर’ असेल तर ती नक्षीची नोंदणी. हे आकडे १८८४ मध्ये एकपासून सुरू झाले आणि १९०० उजाडताना साडेतीन लाखांपुढे गेले होते. ही नोंदणी फक्त ‘याआधीचा नाही’ एवढंच सांगते. तीच नक्षी पुढे कित्येक वर्षं निघत राहायची.

सुरी हाती असेल तर काम सोपं. स्टेनलेस स्टील शेफील्डमध्ये १९१३ साली आलं, त्यामुळे पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल तर ते पातं त्यानंतरचंच. पण पाती बदलली जात, मूठ जुनी आणि पातं नवं असू शकतं.

सराफाच्या कसोटीवर विसंबू नका. दगडावर वरचा मुलामाच उतरतो आणि तो चांदीच दाखवतो. तेजाबाचा थेंब तर कायमचा डाग ठेवतो. घरी करण्याजोगी परीक्षा पाण्याची आहे. ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. चमचा आधी कोरडा तोला, समजा ६२ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, आणि चमचा दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला लागणार नाही असा धरा. काट्यावर ७.१ आलं तर ६२ भागिले ७.१, म्हणजे पाण्याच्या ८.७ पट जड: निकेल सिल्व्हर. ६ च्या आसपास आलं तर १०.३: स्टर्लिंग. नक्षीत हवेचे बुडबुडे अडकले की उत्तर कमी येतं, म्हणून चमचा पाण्यात एकदा हलवून घ्या. पोकळ मुठीच्या सुरीला ही परीक्षा लागू नाही.

झीजही बघा. चमच्याच्या वाटीची पाठ आणि जेवणाच्या काट्याची टोकं आधी उघडी पडतात. तिथे पिवळट राखाडी दिसलं तर खाली निकेल सिल्व्हर. उजव्या हाताने बशी खरवडून खाल्लेल्या चमच्याचं टोक डावीकडे जास्त झिजलेलं असतं.

चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेताना ही झीज अक्षरांशी ताडून बघा. वापराचे बारीक ओरखडे अक्षराच्या कडेवरून पार जात असतील तर अक्षर जुनं. उलट अक्षराने ओरखडे मध्येच कापले असतील आणि खाचेत उघडा पिवळा धातू चमकत असेल, तर साध्या जुन्या चमच्यावर ते मागाहून कोरलंय. अक्षरांच्या कडा गोलसर आणि चांदीखाली खड्डे दिसले तर पॉलिश करून पुन्हा मुलामा दिलेला आहे. तुमच्या चमच्याचं तसं करू नका. पॉलिशच्या चाकाखाली पहिले ठसे जातात.

ठेवताना मलमलच्या कापडात गुंडाळा. रबरबँड लावू नका, त्यातलं गंधक चांदीवर काळी रेघ उमटवतं. आणि सोबत एक चिठ्ठी ठेवा: ‘जी.आय.पी.आर., टेबलस्पून, ई.पी.एन.एस., वॉकर अँड हॉल, १९५१ पर्यंतचा.’ घरच्यांना आजोबांचा हुद्दा आणि स्टेशन आठवत असेल तर तेही तिथेच लिहा.