चौथा डबा

आमच्या स्वयंपाकघरात खडेमिठाची चिनीमातीची बरणी आहे. मिरग लागला की चार दिवसांत त्या मिठाला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याच्या कितीतरी आधीच ओलावतात.

मी देवगडजवळ जामसंड्याला इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो, आणि लागेल तसे पॉवर सप्लाय, म्हणजे घरच्या २३० व्होल्टपासून यंत्राला हवा तो कमी व्होल्टेज देणारे डबे, स्वतः बनवून देतो. आमच्या भागात सप्लाय बनवायचा तर आधी ती मिठाची बरणी डोळ्यांसमोर ठेवावी लागते. हे अंगी बाणायला मला एकाच गिऱ्हाइकाचे चार डबे बनवावे लागले.

गिऱ्हाईक म्हणजे बंदराजवळचा एक बर्फ कारखाना. ब्राइनच्या (मिठाच्या गार पाण्याच्या) टाकीत साचे सोडून लाद्या धरतात, थंडाव्यासाठी अमोनियाचा कॉम्प्रेसर. टाकीचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरला १२ व्होल्ट, १ अँपियर लागायचे. काम एवढंसंच. पण तो कंट्रोलर बंद पडला तर कॉम्प्रेसर थांबतो आणि पहाटे येणाऱ्या होड्यांना बर्फ मिळत नाही. मासळी कुणासाठी थांबत नाही.

पहिला डबा २०१७ च्या फेब्रुवारीतला. तेव्हा मी म्हणायचो, पार्ट जितके कमी तितका भरवसा जास्त. म्हणून लोखंडी ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, मोठा कपॅसिटर आणि व्होल्टेज १२ वर धरून ठेवणारा ७८१२ रेग्युलेटर. कॉम्प्रेसर चालू होताना कारखान्यातला व्होल्टेज १८० पर्यंत बसतो, तेव्हाही १२ व्होल्ट टिकायला हवेत, म्हणून ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा घेतला. त्याचा अर्थ असा की २३० व्होल्ट व्यवस्थित येत असताना रेग्युलेटरच्या तोंडाशी जवळजवळ २४ व्होल्ट. त्यातले १२ कंट्रोलरला, उरलेले १२ रेग्युलेटरने जाळायचे. बारा वॉटचं काम आणि बारा वॉटची नुसती धग, वर ट्रान्सफॉर्मरची गरमी वेगळीच. धग बाहेर काढायला डब्याला जाळी पाडली आणि छोटा पंखा लावला.

श्रावणात ऑपरेटर काकांचा फोन आला. "रे, तुझो डबो गेलो. आमी हात सुद्धा लावूक नाय हां."

डबा घरी आणून भिंगाखाली धरला. पंख्याच्या झोतासमोरचा बोर्डाचा भाग पांढरट झाला होता, बोट फिरवलं तर चिकट लागायचा. रेग्युलेटरच्या पायांशी तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट-निळा थर चढलेला. मीठ आणि अमोनिया, दोघांनी मिळून तांबं खाल्लं होतं. मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावला तर २३० आणि १२ च्या बाजूंमधला रोध पार खाली आलेला. हेअर ड्रायरने अर्धा तास सुकवल्यावर तोच काटा वर चढला, आणि रात्रभर खिडकीत ठेवला तर सकाळी परत खाली. मीठ आत गेलं की दर पावसाळ्याला ते जागं होतं, आणि त्याला आत घेऊन जाणारा पंखा मीच बसवला होता.

दुसरा डबा मी त्याच सर्किटचा केला, फक्त जाळी बुजवली, पंखा काढला आणि झाकणाला रबर लावलं. पुढे काय होणार ते मला कळायला हवं होतं. दिवाळीनंतर बसवलेला तो डबा पुढच्या गणपतीनंतर कुरकुरू लागला. कॉम्प्रेसर सुरू झाला की कंट्रोलर रिसेट व्हायचा. आतलं तापमान मोजलं तर ८५ अंश! कपॅसिटर १०५ अंशांचा होता, २००० तासांचा. तापमान दहा अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा आमच्या धंद्यातला जुना हिशेब. म्हणजे ८५ अंशांना ८००० तास. तो डबा रात्रंदिवस चालू होता, तेव्हा ८००० तास म्हणजे अकरा महिने. कपॅसिटरने आपला शब्द पाळला होता, हिशेब मी केला नव्हता.

जाळी ठेवावी तर मीठ खातं, बुजवावी तर उष्णता खाते. या कात्रीतून बाहेर पडायला एकच वाट होती, मुळात उष्णताच कमी निर्माण करायची. एफिशियन्सी म्हटलं की लोकांना विजेचं बिल आठवतं. दहा वॉट वाचले तर बिलात काय फरक पडणार? आमच्याकडे एफिशियन्सी लागते ती डबा बंद करता यावा म्हणून.

तिसरा डबा, डिसेंबर २०१८, एसएमपीएस, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज जाळण्याऐवजी वेगाने चालू-बंद करून हवी तेवढीच वीज घेणारा सप्लाय. ९० पासून २७० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी १२ व्होल्ट देणारा, फ्लायबॅक पद्धतीचा, ८५ टक्के एफिशियन्सीचा. बारा वॉट बाहेर देताना आत जळतात फक्त दोन वॉट. मॉस्फेट (हे चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) आणि डायोडची पाठ इन्सुलेटिंग पॅड लावून ॲल्युमिनियमच्या डब्याला टेकवली, म्हणजे धग डब्याच्या भिंतीतून बाहेर जाते, हवा आत यावी लागत नाही. आतलं तापमान ५५ अंश. आधीचाच २००० तासांचा कपॅसिटर इथे कागदावर सात वर्षं टिकतो, आणि मी तर ५००० तासांचा घातला.

या डब्यात ज्या दोन-तीन गोष्टी जपल्या, त्या अजूनही प्रत्येक कामात जपतो. ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलर (दोन बाजूंमध्ये प्रकाशाने निरोप पोचवणारा पार्ट) यांच्याखाली, मेन्सची म्हणजे २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्या मधोमध बोर्डाला आरपार फट पाडतो. बोर्डावर ओल धरली तरी ती फट ओलांडून करंट सरपटत जाऊ शकत नाही. बोर्डाला ओल अडवणारी लाख देण्याआधी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सुकवतो, आणि त्यानंतर उघड्या हाताने धरत नाही. घामातही मीठ असतं, आणि लाखेखाली अडकलेला बोटाचा ठसा दोन पावसाळ्यांत हिरवा झालेला मी पाहिला आहे. केबल डब्यात नेहमी खालून घ्यायची, तीही आधी झोळ देऊन, म्हणजे पागोळी झोळाच्या टोकालाच गळून पडते.

बंद डबासुद्धा श्वास घेतो, हे मात्र मला उशिरा उमगलं. दुपारी आतली हवा फुगून रबराच्या कडेने बाहेर जाते, रात्री आकसते आणि दमट हवा आत ओढून घेते. म्हणून आता तळाला पाणी अडवून फक्त हवा जाऊ देणारा छोटा ब्रीदर बसवतो.

तिसरा डबा अडीच वर्षं बिनतक्रार चालला. मग मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. आंब्याच्या फांद्या तारांवर पडल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. वीज परत आल्यावर तासाभरातच काकांचा फोन. मी पोचलो तर ट्यूबलाइट नेहमीपेक्षा पांढऱ्याफेक आणि मीटरवर २३० च्या जागी ३७०. कुठेतरी न्यूट्रल तुटला होता. न्यूट्रल सुटला की एका फेजवरचा भार दुसऱ्या फेजशी जोडला जातो, आणि ज्याच्यावर भार हलका त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतो. ३७० व्होल्ट एसी म्हणजे रेक्टिफायरनंतर ५२० च्या वर. माझा कपॅसिटर ४०० व्होल्टचा. त्याच्या डोक्यावरची खाच फुटून आतलं द्रावण झाकणाला लागलं होतं.

गावात त्या दिवशी किती टीव्ही आणि फ्रीज गेले ते मी मोजले नाहीत, पण पुढचे दोन महिने माझ्या टेबलावर जागा नव्हती. आमच्याकडे वादळात न्यूट्रल तुटतो, हे गृहीत धरून सप्लाय बनवायला हवा. महिनाभराने चौथा डबा बनवायला घेतला, त्यात पूर्ण ४४० व्होल्ट आले तरी तग धरायचं ठरवलं. रेक्टिफायरनंतर ४५० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकापाठोपाठ, दोघांवर समान दाब राहावा म्हणून प्रत्येकाला समांतर रोध. मॉस्फेट हजार व्होल्टच्या वरचा. तोंडाशी फ्यूज, त्यानंतर ५१० व्होल्ट एसी रेटिंगचा व्हॅरिस्टर, वीज कडाडते तेव्हाचे झटके स्वतःवर झेलायला. फ्यूज व्हॅरिस्टरच्या आधीच हवा, कारण व्हॅरिस्टर मरतो तो बहुधा शॉर्ट होऊन, आणि फ्यूज नसेल तर तो पेट घेतो. सगळं धरून खर्च तीनशे-साडेतीनशे रुपयांनी वाढला. मालकांनी आधी तोंड वाकडं केलं. बाजारात तयार सप्लाय याच्या निम्म्या किमतीत मिळतो, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी त्यांना फुटलेला कपॅसिटर हातात दिला.

काकांना मी तेव्हा एकच सांगून आलो होतो. मासेमारीबंदीत, जून-जुलैत, कारखाना बंद असला तरी या डब्याची वीज बंद करू नका. आत जळणारा थोडासा करंट डबा बाहेरच्या हवेपेक्षा दोन-चार अंश गरम ठेवतो, आणि तेवढ्यानेच आत दव धरत नाही. होड्यांवरची यंत्रं याच दोन महिन्यांत सडतात, वापरून नव्हे, बंद पडून राहिल्याने.

या मे महिन्यात बंदी लागायच्या आधी मी तो डबा उघडला. मेन स्विच पाडून पाच मिनिटं थांबलो, मग मीटर लावून कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री केली. तिथे ६०० व्होल्टपर्यंत साठू शकतात, रोधाच्या भरवशावर हात घालायचा नसतो. भिंगातून पाहिलं. फट कोरडी, तांबं तांब्याच्याच रंगाचं, लाखेवर एका कोपऱ्यात मुंगीचा एक पंख. कपॅसिटरचा आतला रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरवर दोन्ही कपॅसिटर बसवले तेव्हा होते तेवढेच भरले. झाकणाचं रबर मात्र एका बाजूने कडक झालं होतं.

काका मागे उभे होते. "बदलूचो काय?"

"रबर तेवढं," म्हटलं. नवं रबर घातलं, चारही स्क्रू आवळले आणि स्विच वर केला.